मैदानाबाहेरची पोस्ट आणि मैदानावरची बंदी: क्रीडा संघटना खेळाडूंना सोशल मीडियावरून शिक्षा कशी करतात?

२ जून २०२१. लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि ऑली रॉबिन्सनने इंग्लंडकडून पदार्पण केले. दिवसअखेर त्याच्या नावावर दोन बळी होते. त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली ट्विट्स लोकांसमोर आली होती. त्यात वंशद्वेष होता, स्त्रियांना हिणवणारा मजकूर होता. पदार्पणाच्या दिवशी गोलंदाजीवर बोलायचे सोडून त्याला माफी मागावी लागली. पुढे त्या सामन्यात त्याने एकूण सात बळी घेतले, फलंदाजीत ४२ धावाही केल्या. सामना संपताच इंग्लंडच्या मंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केले.

अशी बातमी वाचली की एक कोडे पडतेच. चेंडू कुरतडला, पंचांशी हुज्जत घातली, तर मंडळाने शिक्षा करावी हे समजते. पण स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यावर, कोणताही सामना नसताना आणि तेही आठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळींवर मंडळाचा अधिकार कुठून आला? आणि तो अधिकार असेल, तर उद्या मंडळावर टीका केली म्हणूनही बंदी येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी सरळ आहे. दुसऱ्याचे नाही, आणि खरी काळजी तिथेच आहे.

शिक्षा नेमकी कोण करते?

एखाद्या बसचालकाचे उदाहरण घ्या. तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, तर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून कारवाई होऊ शकते. ज्या कंपनीत तो नोकरीला आहे, ती त्याला कामावरून काढेल. परवाना देणारे कार्यालय त्याचा परवाना रोखेल. मग तो कोणत्याही कंपनीत गेला तरी गाडी चालवू शकणार नाही. आणि पोलीस त्याच्यावर गुन्हा नोंदवतील. तिन्हींचे नियम वेगळे, पुरावा तपासण्याची पद्धत वेगळी, दाद मागायची जागाही वेगळी.

खेळाडूचे तसेच असते. क्लब किंवा संघ हा मालक. क्रीडा संघटना म्हणजे परवाना देणारे कार्यालय. तिसरा देशाचा कायदा. ऑक्टोबर २०२२ मध्ये कायरी अर्विंग या बास्केटबॉलपटूने ज्यूद्वेषी मजकूर असलेल्या एका चित्रपटाचा दुवा ट्विट केला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये त्याला बिनपगारी निलंबित केले ते ब्रुकलिन नेट्स या त्याच्या संघाने, लीगने नव्हे. तो आठ सामन्यांना मुकला. ही मालकाची कारवाई. मालकाने काढले तर दुसरा मालक शोधता येतो. संघटनेची बंदी मात्र खेळाडूच्या मागोमाग जाते. फुटबॉलमध्ये एका देशाच्या संघटनेने घातलेली बंदी फिफा जगभर लागू करू शकते.

गुंता होतो तो एकच संस्था मालकही असते आणि परवानाही तीच देते तेव्हा. क्रिकेटमध्ये हे सर्रास आहे. वार्षिक करार मंडळ करते, संघ मंडळ निवडते, शिस्तीचे नियम मंडळ लिहिते आणि चौकशीही मंडळच सुरू करते.

खेळाडूने हे मान्य कधी केले?

नोंदणीच्या वेळी. व्यावसायिक खेळाडू खेळायला उतरण्याआधी बऱ्याच कागदांवर सह्या करतो: संघटनेकडची नोंदणी, संघाशी करार, स्पर्धेचा प्रवेश अर्ज. त्यात कुठेतरी एक वाक्य असते की संघटनेचे नियम आणि वेळोवेळी त्यांत होणारे बदल मला बंधनकारक आहेत. आचारसंहिता त्या कागदाला जोडलेली असेलच असे नाही, नुसता तिचा उल्लेख असतो. तरीही ती कराराचा भाग बनते. सदस्यत्वाचा अर्ज भरून वाचनालयात शिरल्यावर ‘पुस्तकावर लिहू नये’ हा नियम वाचला नव्हता असे म्हणता येत नाही, तसेच हे.

या संहितांमध्ये सोशल मीडियाचे वेगळे कलम असतेच असे नाही. बहुतेक कारवाया दोन जुन्या कलमांखाली होतात. पहिले कलम सार्वजनिक टीकेचे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या म्हणजे आयसीसीच्या संहितेत, आंतरराष्ट्रीय सामन्यातील घटना, खेळाडू, सामनाधिकारी किंवा संघ यांच्याबद्दल केलेली जाहीर टीका किंवा अनुचित वक्तव्य हा गुन्हा आहे, मग ते वक्तव्य कधीही केलेले असो. जुलै २०२३ मध्ये मिरपूरच्या सामन्यानंतर बक्षीस समारंभात हरमनप्रीत कौरने पंचगिरीवर केलेली टीका याच कलमात बसली. यष्ट्यांवर बॅट मारल्याचा आरोप त्याहून मोठा होता. दोन्ही मिळून सामन्याच्या मानधनातले ७५ टक्के गेले आणि चार डिमेरिट गुण मिळाले. डिमेरिट गुण म्हणजे खेळाडूच्या नावावर चढणारे दोषाचे गुण. २४ महिन्यांत चार झाले की ते बंदीत बदलतात. तिच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. हेच वाक्य तिने हॉटेलच्या खोलीत बसून इन्स्टाग्रामवर लिहिले असते, तरी कलम तेच लागले असते.

दुसरे कलम ‘खेळाची बदनामी’. हे रबरासारखे आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या म्हणजे एफएच्या ई-३ या नियमात, सहभागी व्यक्तीने खेळाच्या हिताचे वागावे आणि खेळाची बदनामी करणारे, धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानकारक शब्द वापरू नयेत, असे म्हटले आहे. बदनामी म्हणजे नेमके काय, याची मोजपट्टी कुठेच नाही. २०२५ च्या आशिया चषकात सूर्यकुमार यादवने सामन्यानंतर केलेले वक्तव्य आणि हारिस रऊफने मैदानावर केलेले हावभाव या अगदी वेगळ्या गोष्टी आयसीसीने याच एका कलमात बसवल्या. दोघांनाही मानधनाच्या ३० टक्के दंड आणि दोन-दोन डिमेरिट गुण मिळाले.

पंचांबद्दल बोलले की इतके का लागते?

जानेवारी २०११ मध्ये एफए चषकाच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून हरल्यावर लिव्हरपूलच्या रायन बाबेलने पंच हॉवर्ड वेब यांचा एक बनावट फोटो ट्विट केला. फोटोत पंचांच्या अंगावर युनायटेडची जर्सी होती. दंड झाला १०,००० पौंड. इंग्लिश फुटबॉलमधल्या या प्रकारच्या पहिल्या कारवायांपैकी ती एक. अनेकांना तेव्हा हे अती वाटले, कारण फोटो गमतीचा होता.

पण त्या गमतीतला आरोप पाहा. ‘पंचांचा निर्णय चुकला’ हे खेळाबद्दलचे मत झाले. ‘पंच त्यांच्याच बाजूचे आहेत’ हा प्रामाणिकपणावरचा आरोप झाला. एफए फरक करते तो इथेच: निर्णयाशी असहमती चालते, पक्षपाताचा सूर किंवा वैयक्तिक हल्ला चालत नाही. सामन्याआधी तर त्या सामन्याच्या पंचांबद्दल बोलायलाच मनाई आहे, चांगलेसुद्धा, कारण ते दबाव टाकण्यासारखे होते. शिवाय पंच स्वतः उत्तर देऊ शकत नाही. त्याच्यावरही बोलण्याचे निर्बंध असतात. लाखो चाहते असलेला खेळाडू आणि गप्प बसायला बांधलेला पंच यांच्यातली ही झुंज बरोबरीची नसते. हे निर्बंध मला योग्य वाटतात.

आतली माहिती हा आणखी एक प्रकार. ऑगस्ट २०१० मध्ये केव्हिन पीटरसनने आपल्याला संघातून वगळल्याचे मंडळाच्या घोषणेआधीच ट्विट केले आणि दंड ओढवून घेतला. यात नुसता शिष्टाचार नाही. कोण खेळणार, कोण जखमी, खेळपट्टी कशी आहे, ही माहिती सट्टेबाजांसाठी पैसा असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या परिसरात जाण्याआधी खेळाडूंना फोन जमा करावे लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये सामन्याच्या ९० मिनिटे आधीपासून सामन्यानंतरच्या मुलाखती होईपर्यंत पोस्ट करायला बंदी आहे. २०१० मध्ये चॅड ओचोसिंकोने सराव सामन्याच्या वेळी ट्विट केले, त्यात काहीही आक्षेपार्ह नव्हते, तरी २५,००० डॉलर गेले.

‘मला तसे म्हणायचे नव्हते’

भेदभावाच्या प्रकरणांत हा बचाव हमखास येतो आणि हमखास अर्धाच चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एडिन्सन कवानीने साउदॅम्प्टनविरुद्ध गोल केले. मित्राने अभिनंदन केले, त्याला कवानीने इन्स्टाग्रामवर स्पॅनिशमध्ये आभाराचे दोन शब्द लिहिले. त्यातला दुसरा शब्द कातडीच्या काळेपणावरून आलेला. उरुग्वेत तो लाडाने वापरला जातो, जवळच्या माणसाला, कुठल्याही रंगाच्या. इंग्लंडमध्ये वाचणाऱ्याला तो वंशवाचकच दिसतो. तीन सामने बंदी, १,००,००० पौंड दंड आणि सक्तीचे प्रशिक्षण. उरुग्वेच्या भाषा अकादमीने या निर्णयावर उघड टीका केली.

इथे एफएची कसोटी समजून घ्यायला हवी. दोष ठरवताना ‘लिहिणाऱ्याच्या मनात काय होते’ हे विचारले जात नाही. ‘सामान्य वाचकाला हे शब्द कसे लागतील’ हे विचारले जाते. हेतू विचारात घेतात तो नंतर, शिक्षेचे प्रमाण ठरवताना. म्हणजे हेतू चांगला असेल तर शिक्षा कमी होते, दोष पुसला जात नाही. माझ्या मते कवानीच्या बाबतीत ही कसोटी फार आखूड पडली. दोन मित्रांमधला, त्यांच्या भाषेतला शब्द तिसऱ्याच्या भाषेत तोलला गेला. पण संघटनेची अडचणही खरी आहे: खाते सार्वजनिक होते आणि वाचक जगभरचे.

दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवला तर? जबाबदारी पुढे पाठवणाऱ्याची. २०१४ च्या अखेरीस मारिओ बालोतेल्लीने व्हिडिओ गेममधल्या एका पात्राचे चित्र टाकले. चित्र दुसऱ्याने बनवलेले, सूर वंशवादाच्या विरोधातला, पण त्यात कृष्णवर्णीय आणि ज्यू लोकांबद्दलचे साचेबद्ध विनोद होते. एक सामना बंदी, २५,००० पौंड. खाते व्यवस्थापक चालवत असेल तरी उत्तर खेळाडूलाच द्यावे लागते. आणि खासगी संदेश खासगी राहील अशी खात्री नाही: २०१२ मध्ये आमारे स्टॉडमायरने एका चाहत्याला थेट संदेशात समलैंगिकांबद्दलची शिवी दिली, चाहत्याने त्याचा स्क्रीनशॉट पसरवला आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने म्हणजे एनबीएने ५०,००० डॉलर वसूल केले.

आठ वर्षांपूर्वीचे आज का उकरायचे?

कारण तेव्हाही खेळाडू ‘सहभागी’ होता, म्हणजे संघटनेच्या नियमांखाली खेळत होता. ऑगस्ट २०१६ मध्ये बर्नलीच्या आंद्रे ग्रेने लिव्हरपूलविरुद्ध गोल केला आणि लगोलग त्याची २०१२ मधली समलैंगिकांविरुद्धची ट्विट्स वर आली. ती लिहिली तेव्हा तो विसाव्या वर्षी हिंकले युनायटेड या खालच्या पातळीवरच्या क्लबकडून खेळत होता. पण तो क्लबही एफएच्या छत्राखालीच होता, म्हणून नियम तेव्हापासूनच लागू. चार सामने बंदी, २५,००० पौंड दंड.

वय, पश्चात्ताप, मधल्या काळातले वागणे यांचा विचार शिक्षेत होतो. रॉबिन्सनला क्रिकेट शिस्तपालन आयोगाने ३,२०० पौंड दंड आणि आठ सामन्यांची बंदी सुनावली. मथळा वाचून वाटेल, आठ सामने गेले. प्रत्यक्षात त्यांतले पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित होते, म्हणजे त्या काळात पुन्हा चूक केली तरच ते लागू होणार. उरलेले तीन सामने तो निलंबनाच्या काळात आधीच मुकला होता. निकालाच्या दिवशीच तो पुन्हा खेळायला मोकळा झाला. बंदीची बातमी वाचताना ‘किती’ याच्या जोडीला ‘त्यातले स्थगित किती’ आणि ‘आधीच भोगून झालेले किती’ हे पाहिल्याशिवाय शिक्षेचा अंदाज येत नाही.

नोटीस ते निकाल

इंग्लिश फुटबॉलमधली वाट साधारण अशी. पोस्टचा स्क्रीनशॉट संघटनेपर्यंत पोहोचतो. चाहते, पत्रकार, कधी प्रतिस्पर्धी क्लब तो पोहोचवतात. पोस्ट काढून टाकली तरी स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पुरतो. संघटना आधी स्पष्टीकरण मागते. ते पटले नाही की नियमाचा क्रमांक देऊन आरोप ठेवला जातो आणि उत्तरासाठी तारीख दिली जाते. खेळाडू आरोप मान्य करू शकतो, नाकारू शकतो, कागदोपत्री निर्णय मागू शकतो किंवा समोरासमोर सुनावणी. निर्णय सहसा तीन जणांचा स्वतंत्र आयोग देतो आणि त्याची कारणे लेखी प्रसिद्ध होतात.

पुराव्याची पट्टी फौजदारी न्यायालयाइतकी उंच नसते. ‘संशयाला जागा नाही’ इथपर्यंत जावे लागत नाही. ‘घडले असण्याची शक्यता जास्त’ एवढे पुरते. त्यामुळे ‘खाते हॅक झाले होते’ असे नुसते म्हणून भागत नाही, त्याला तांत्रिक आधार द्यावा लागतो.

आयसीसीची वाट आखूड आहे. किरकोळ म्हणजे पहिल्या पातळीचा आरोप खेळाडूने मान्य केला आणि सामनाधिकाऱ्यांनी सुचवलेली शिक्षा स्वीकारली, तर सुनावणीच होत नाही. म्हणूनच अनेक क्रिकेट प्रकरणे एका दिवसात मिटतात आणि त्यांची सविस्तर कारणे कधी वाचायलाच मिळत नाहीत.

चुका कुठे होतात? घाईच्या अर्ध्या माफीत. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी माफी आयोगापुढे फारशी कामाला येत नाही, कारण त्यात काय चुकले याची कबुलीच नसते. दुसरी चूक म्हणजे आरोप आल्यावर पुन्हा पोस्ट करून स्वतःची बाजू मांडणे. त्यातून दुसरा आरोप तयार होतो.

पण अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे काय?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही त्याच्याभोवती आहेत. भारतीय राज्यघटनेचे कलम १९(१)(अ) बोलण्याचे स्वातंत्र्य देते ते मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध. सरकारने तोंड बंद केले तर त्याचा आधार घेता येतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ म्हणजे बीसीसीआय हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झी टेलिफिल्म्स खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. मात्र मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, म्हणून कलम २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्या मनमानीविरुद्ध दाद मागता येते. तेव्हा ‘माझा मूलभूत हक्क’ असे थेट म्हणण्यापेक्षा ‘प्रक्रिया अन्यायाची होती, शिक्षा प्रमाणाबाहेर होती’ असे म्हणणे न्यायालयात जास्त टिकते. अमेरिकेतही पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, बास्केटबॉल लीगला नाही.

ऑलिंपिक समितीनेही निदर्शनांवरची जुनी सरसकट मनाई थोडी सैल केली. टोकिओ ऑलिंपिकआधी, जुलै २०२१ मध्ये आलेल्या सूचनांनुसार पत्रकारांशी बोलताना आणि सोशल मीडियावर खेळाडू आपली मते मांडू शकतात. पदक समारंभात मात्र नाही.

आणि टीका संघटनेवरच असेल तर?

आतापर्यंतच्या प्रकरणांत कुणीतरी माणूस दुखावलेला होता: पंच, प्रतिस्पर्धी, एखादा समाज. आता ज्यांत दुखावलेली संस्थाच होती, अशी प्रकरणे पाहा.

ऑगस्ट २०१२ मध्ये रिओ फर्डिनंड या फुटबॉलपटूला एका ट्विटबद्दल ४५,००० पौंड दंड झाला. त्याने अ‍ॅश्ले कोल या दुसऱ्या फुटबॉलपटूविषयी दुसऱ्याने वापरलेल्या, वर्णावरून हिणवणाऱ्या शब्दाला दाद दिली होती. दोनच महिन्यांनी त्याच कोलला ९०,००० पौंड दंड झाला. त्याचा गुन्हा? एका निकालपत्रात आपल्या साक्षीवर शंका घेतलेली पाहून त्याने एफएला ट्विटमध्ये शिवी हासडली. पोस्ट त्याने लगेच काढली, माफीही मागितली. दंड ठरवताना खेळाडूची कमाई आणि पूर्वीचे वर्तन पाहतात हे मान्य. तरीही वर्णावरून कोलचा अपमान झाला त्याची किंमत ४५,००० आणि कोलने संघटनेचा अपमान केला त्याची दुप्पट, हे आकडे शेजारी ठेवले की बोचतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये वेस्ट इंडीज मंडळाचे अध्यक्ष डेव्ह कॅमेरॉन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत डॅरेन ब्राव्होच्या घसरलेल्या सरासरीचा आणि त्याला देऊ केलेल्या खालच्या श्रेणीच्या कराराचा विषय काढला. ब्राव्होने ट्विटमध्ये अध्यक्षांना मूर्ख म्हटले. मंडळाने पोस्ट काढून माफी मागायला सांगितले, त्याने ते केले नाही. तिरंगी मालिकेसाठी झिम्बाब्वेत असलेल्या ब्राव्होला परत पाठवले गेले. त्याची भाषा वाईटच होती. पण अध्यक्ष जाहीरपणे खेळाडूवर बोलू शकतात आणि खेळाडूने उलट बोलले की त्याचे काम जाते, या व्यवस्थेत तक्रारदार आणि शिक्षा करणारा एकच होऊन बसतो.

भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगालच्या मनोज तिवारीने रणजी करंडक स्पर्धा पुढच्या हंगामापासून बंदच करा, असे उद्वेगाने लिहिले. स्पर्धेची किंमत कमी होत चालल्याची खंत त्यामागे होती. सामन्याच्या मानधनातले २० टक्के कापले गेले. इथे शिवी नव्हती, कुणाचा वर्ण किंवा धर्म नव्हता, आतली माहिती नव्हती. होते ते फक्त स्पर्धेच्या कारभाराबद्दलचे मत, आणि तेही जन्मभर ती स्पर्धा खेळलेल्या माणसाचे.

याचे टोक टोकिओत दिसले. बेलारूसची धावपटू क्रिस्तसिना त्सिमानोउस्काया हिला न विचारता ४×४०० मीटर रिलेत घातले गेले. तिने इन्स्टाग्रामवर प्रशिक्षकांच्या ढिसाळपणाबद्दल सांगितले. तिला सामान बांधायला लावून हानेदा विमानतळावर नेण्यात आले. तिने विमानात चढायला नकार दिला, पोलिसांचे संरक्षण मागितले आणि पुढे पोलंडने तिला मानवतावादी व्हिसा दिला. ऑलिंपिक समितीने दोन प्रशिक्षकांची अधिस्वीकृती काढून घेतली. तिने चव्हाट्यावर आणली होती ती साधी प्रशासकीय चूक.

अशा प्रकरणांत ‘खेळाची बदनामी’ हे कलम वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. खेळ आणि खेळाचे पदाधिकारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणातली छळवणूक, थकलेले मानधन, धोकादायक मैदान, निवडीतला घोळ हे सगळे आधी खेळाडूच्याच नजरेला पडते. त्याने बोललेच नाही तर बाहेर कोण सांगणार? शिवी दिली तर शिवीपुरती कारवाई करावी. मताला दंड लावला की पुढचा खेळाडू गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याची कुठेच नोंद होत नाही.

श्रद्धेचा प्रश्न

एप्रिल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्राएल फोलाव याने इन्स्टाग्रामवर समलैंगिकांसह पापी लोकांची यादी टाकली आणि पश्चात्ताप केला नाही तर नरक वाट पाहतो आहे असे लिहिले. त्याचे म्हणणे, हे बायबलचे वचन आहे. रग्बी ऑस्ट्रेलियाचे म्हणणे, याआधी समज देऊनही त्याने आचारसंहिता मोडली. तीन सदस्यांच्या समितीने उल्लंघन गंभीर ठरवले आणि १७ मे रोजी चार वर्षांचा करार संपवला. इथे मालक आणि परवाना देणारा पुन्हा एकच होता. फोलावने संघटनेतले अपील सोडून धर्माच्या कारणावरून नोकरी गेल्याचा दावा केला. डिसेंबर २०१९ मध्ये गोपनीय तडजोड झाली. त्यामुळे धर्मश्रद्धा कुठे संपते आणि आचारसंहिता कुठे सुरू होते याचे उत्तर त्या खटल्यातून मिळालेच नाही.

चाहते काहीही बोलतात, त्यांचे काय?

हा राग रास्त आहे. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. एफए त्या लोकांना दंड करू शकत नाही, कारण त्यांनी एफएच्या कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. तिथे पोलीस, न्यायालय आणि खाते बंद करणाऱ्या कंपन्याच उरतात. त्याच वर्षी ३० एप्रिल ते ३ मे असे चार दिवस इंग्लिश फुटबॉलने सोशल मीडियावर बहिष्कार टाकला होता, तो या कंपन्यांवर दबाव आणण्यासाठीच.

दाद कुठे मागायची?

आधी संघटनेचेच अपील मंडळ. मग अनेक खेळांत स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद. संघटनेच्या नियमांत वेगळी मुदत नसेल तर निर्णय मिळाल्यापासून २१ दिवसांत तिथे जावे लागते. मुदत चुकली की प्रकरण कितीही मजबूत असो, दार बंद.

युरोपात त्यापलीकडे मानवी हक्क न्यायालय आहे. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या अमेदस्पोर क्लबने चषक स्पर्धेत बुर्सास्पोरला हरवले. त्यानंतर देनिझ नाकी या खेळाडूने फेसबुकवर तो विजय कुर्दी भागातल्या संघर्षात मेलेल्या आणि जखमी झालेल्या लोकांना अर्पण केला. तुर्की फुटबॉल संघटनेने ही पोस्ट विचारसरणीचा प्रचार ठरवून त्याला १२ सामने बंदी आणि १९,५०० लिरा दंड केला. १८ मे २०२१ रोजी मानवी हक्क न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: नाकीच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग झाला, आणि त्याचे अपील ऐकणारी संघटनेची लवाद समिती पुरेशी स्वतंत्र व निःपक्षपाती नव्हती.

निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा ते १२ सामने होऊन पाच वर्षे उलटली होती. दंडाची रक्कम परत मिळू शकते, हुकलेला सामना परत मिळत नाही. म्हणून अशी प्रकरणे लढवणारे वकील मूळ वादावर बोलण्याआधी एक छोटा अर्ज करतात: निकाल लागेपर्यंत बंदीला स्थगिती द्या.